यंदा जागलीत, एसटीत, माहेरी जाता-येता कोणत्या कादंबऱ्या वाचल्या? (आणि 'धग'ची हरवलेली सोळा पानं)

खारपाणवाला

सीतादही (कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा) झालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला. दुसऱ्या वेच्याला बाया मिळत नाहीत आणि हा माणूस कादंबऱ्यांचा धागा काढून बसला, असं म्हणाल. कामं आहेत बापा. पण हरभऱ्यात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं शिरतात म्हणून रात्री जागलीला, म्हणजे वावराची राखण करायला जावं लागते, आणि जागलीत माणसानं करावं काय? मोबाईल पाहिला की डोळे चुरचुरतात, वरून चार्जिंग संपते. डोक्याला बांधायची बॅटरी आहे, तिच्या उजेडात पुस्तक मस्त वाचता येते. फक्त पाकोळ्या पानावर येऊन बसतात. माझ्या प्रतीत दोन-तीन दाबल्या गेल्या आहेत.

गाव दर्यापूर तालुक्यातलं. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या खोलीत 'ड' वर्गाचं वाचनालय आहे, दोन कपाटं, चावी माझ्याकडे. पेपर वाचायला रोज पंधरा जण येतात, पुस्तक नेणारे तीन. त्यातला एक मीच.

यंदा तीन कादंबऱ्या हाती घेतल्या. गोनीदांची 'पूर्णामायची लेकरं' दुसऱ्यांदा. गोनीदा परतवाड्याला जन्मले, १९१६ साली. पोरवयात घर सोडलं, पुढचं आयुष्य तिकडे तळेगाव दाभाड्याला काढलं, पण बोली कशी कानात जपून ठेवली होती पाहा. आमच्या पट्ट्यात विहीर खणली तर खारं पाणी लागते, जनावर तोंड लावत नाही. तरी नदीला आम्ही मायच म्हणतो. पुस्तकात हे कुठं समजावून सांगितलेलं नाही, माणसं बोलतात त्यातून आपोआप कळते.

दुसरी उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० ची. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो, मोठं आहे.

तिसरी अर्ध्यात सोडली. नाव सांगत नाही, लेखक हयात आहेत.

एकच विनंती. 'अप्रतिम', 'नक्की वाचा' एवढंच लिहून पळू नका. कुठं बसून वाचली, कुठं अडकलात, कुठं पुस्तक आपटावंसं वाटलं, ते सांगा.

बीएस्सी_नापास

काका, एक विचारू का? घरी कर्ज, पेपरात कर्ज, अन् पुस्तक उघडलं त त्यातही कर्जच? विदर्भाची कादंबरी म्हटलं की बाप झाडाखाली बसून राह्यते, माय रडते, बैल इकल्या जाते. आमाले हसूच येत नाई का?

मी पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' वाचली. बोरकर आमच्या खामगावचे. पंजाबराव नावाचा शिकेल पाटील अन् त्याची वऱ्हाडी, तिच्यात इंग्रजी असं घुसवेल की आपल्याच गावचा कॉलेजातून आलेला पोट्टा बोलून राह्यला असं वाटते. तिचा एकपात्री प्रयोगही लय गाजला होता. पानटपरीवर बसून वाचत होतो, तिसऱ्या पानावर असा हसलो की टपरीवाल्यानं चुन्याची डबीच पाडली. मंग त्याले मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन उधारीवाले उभे राह्यले, थेही ऐकत बसले.

खारपाणवाला

पोरा, 'मेड इन इंडिया' मीही वाचली आहे. हसता हसता शेवटी शेवटी पोटात कालवते ते तू सांगितलं नाही. पण मोठ्यानं वाचण्याचं म्हणालास ते एकदम पटलं, कारण माझंही तेच झालं. ऐक.

मायच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं. तशीही ती सहीपुरतीच शिकली. एका रात्री जागलीला गेलो नाही, घरीच खाटेवर 'धग' वाचत पडलो होतो. ती समोर बसून देवाच्या वाती वळत होती. म्हणाली, "काय वाचतं रे एकटाच? तोंड त असं केलं जसं कोनी मेलं." मी म्हटलं, एका बाईची कथा आहे, कौतिक नावाची. नवरा महादेव, शिंपी, पण हातात बरकत नाही. पोरंबाळं आहेत, बाईच सगळा संसार ओढते. म्हणाली, "मंग मोठ्यानं वाच ना."

पहिल्यापासून सुरू केलं. शेळक्यांचं निवेदन साधं पुस्तकी मराठीत आहे आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात. मी एकटा वाचायचो तेव्हा हे कधी जाणवलंच नव्हतं. मोठ्यानं वाचताना निवेदन आलं की मायच्या वाती भराभर वळल्या जात. कौतिक बोलायला लागली की हात मांडीवर थांबे. अर्धी वळलेली वात तशीच. मग ती कौतिकला उत्तर द्यायची, मला नाही. "त्याले सांगून पाह्य एकदा, वं बाई." "नोको जाऊ तिच्या दारात, थे बोलन तुले." महादेव काही बोलला की ओठ आवळून घ्यायची. एकदा तर म्हणाली, "याचं वाचू नोको. हिचं वाच."

रोज रात्री जेवणं झाली की दहा-बारा पानं. आणि ९६ व्या पानावर गाडी अडकली. पुढचं पान ११३. मधली सोळा पानं नाहीतच, एक अख्खा फर्मा गायब. बांधणीत सुटला की कोणी ओढून नेला, देव जाणे. १९९० च्या आसपासचा आमच्या रजिस्टरातला शिक्का आहे, म्हणजे इतकी वर्षं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. म्हणजे ९६ च्या पुढं या गावात कोणी वाचलंच नाही, असाही अर्थ निघतो. तो मी काढत नाही.

मी म्हटलं, जाऊ दे माय, पुढचं वाचतो, समजते. तिनं ऐकलं नाही. "मधल्या सोळा पानांत तिनं काय खाल्लं, कोनापासी गेली, हे मालूम नाई, अन् पुढचं आयकू?" आता आठ दिवस झाले, वाचन बंद आहे. कोणाकडे 'धग' असेल तर सांगा.

सूनबाई_आर्णीकडची

मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात आले त्याला नऊ वर्षं झाली. तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा, महादेवाचं वाचू नको हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

मी यंदा सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचली. २००२ ची आहे, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. सगळे सांगतात की ती एकनाथची, शिकून शेतीत अडकलेल्या पोराची कादंबरी आहे. असेल. मी वाचली ती अलकाची. अलका शहराकडून आलेली त्याची बायको. नवऱ्याला नोकरी लागेल या भरवशावर तिचं लग्न झालेलं. नोकरीला पैसे मोजावे लागतात आणि ते घरात नाहीत. ती माहेरी जाते तेव्हा वाचणाऱ्याला ती स्वार्थी वाटावी अशीच सगळी मांडणी आहे, निदान मला तसं वाटलं. पण मी ते पान माहेरी जाताना पुसदच्या स्टँडवर वाचत होते, मांडीवर पोरगी, पायाशी पिशवी. मला ती अजिबात स्वार्थी वाटली नाही. चार वेळा तेच पान वाचलं, गाडी सुटता सुटता राहिली.

सासूबाईंची, शेवंतामायची बाजू देशमुखांनी जितकी आतून लिहिली तितकी अलकाची लिहिली नाही, ही माझी तक्रार आहे. बाकी शेतीचं बारीकसारीक इतकं खरं आहे की मला इथली निम्मी नावं त्यातूनच कळली. डवरणी म्हणजे काय (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) हे नवऱ्याला विचारायची लाज वाटायची.

नवऱ्यानं साठेक पानं वाचली आणि पुस्तक माळ्यावर टाकलं. म्हणाला, घरात एक एकनाथ पुरे आहे.

निवृत्त_मास्तर_वाशिम

सूनबाई, आपली तक्रार रास्त आहे, पण कादंबरी एकनाथच्या डोळ्यांनी चालते, त्यामुळे अलका तेवढीच दिसणार. आपण अलकाच्या बाजूनं लिहायला घ्या, खरंच सांगतो.

'धग' माझ्याकडे आहे. मात्र आवृत्ती वेगळी असल्यास पृष्ठांक जुळणार नाहीत. आपल्या प्रतीतील ९६ व्या पानाची शेवटची ओळ आणि ११३ व्या पानाची पहिली ओळ मला व्यनिने कळवा, मी माझ्या प्रतीत जागा शोधतो.

आता यादी. आमच्या वाशिम जिल्ह्याचा हक्क सांगतो. नामदेव कांबळे यांची 'राघववेळ', १९९५ चा साहित्य अकादमी. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गावागावांत बॅनर लागले, पण पुस्तक किती घरांत होतं हे मी विचारून पाहिलं आणि गप्प बसलो. वालंबी ही त्यातली एकटी पडलेली दलित बाई. लेखकानं तिला बिचारी केलेली नाही, ही त्या पुस्तकाची ताकद. दुसरी बाबाराव मुसळे यांची 'हाल्या हाल्या दुधू दे'. हाल्या म्हणजे रेडा. रेड्याला दूध माग, असं नाव ज्या माणसाला सुचलं त्याला कुणब्याचं जगणं समजलं होतं. बीएस्सी_नापास, या नावावर तुला हसू आलं पाहिजे, नाही आलं तर बीएस्सीचा निकाल योग्यच म्हणायचा.

बीएस्सी_नापास

मास्तर 🙏 आलं हसू.

झाडीचा_माणूस

विदर्भ विदर्भ म्हणता आणि सगळं वऱ्हाडातच फिरते. कापूस, पऱ्हाटी, वऱ्हाडी, झालं. वैनगंगेच्या काठी पण माणसं राहतात म्हटलं. आम्ही साकोलीकडचे. आमच्या बोलीत ण नाही, ळ नाही. पानी म्हनतो, डोरा म्हनतो. आमच्या बोलीतली गाजलेली कादंबरी दाखवा बरं तुमच्या कपाटात. नाही ना? आमचं सगळं नाटकात गेलं. दिवाळी झाली की वडसाच्या नाटक कंपन्या निघतात, मंडईला (गावच्या जत्रेला) रात्रभर नाटक, सकाळी धानाच्या चुरण्याला (मळणीला). कादंबरी कोन लिहील, मानूस नाटक लिहिते.

तरी यंदा एक वाचली, तीही सह्याद्रीकडची. विश्वास पाटलांची 'झाडाझडती', १९९२ ची अकादमी. धरणात उठलेल्या गावाची आहे, खैरमोडे गुरुजी त्यात धावपळ करतात. मी का घेतली? माझ्या मामाचं गाव वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पान्यात गेलं. १९८८ साली राजीव गांधी भूमिपूजनाला आले होते, तेव्हा खर्च ३७२ कोटी सांगितला होता. मामा सभेला गेला होता, येताना फुगा आनला होता माझ्यासाठी. मी तेव्हा पाच वर्साचा.

पुस्तकात सातबाऱ्यापायी, नुकसानभरपाईपायी टेबलाटेबलावर फिरायचं जे आहे, ते वाचताना मला कागदाचा वास आला. मामाच्या पेटीत अजून तसल्या पावत्या आहेत. सह्याद्रीत काय आन् वैनगंगेत काय, साहेबाची खुर्ची सारखीच दिसते. लांबण बरीच आहे, मधली सत्तर-ऐंशी पानं कापली असती तर चाललं असतं. शेवटाकडे मी दोन दिवस पुस्तक हातात घेतलं नाही.

खारपाणवाला

झाडीवाले भाऊ, मान्य. कपाट उघडून पाहिलं, तुमच्याकडची एकही नाही. पुढच्या खरेदीत पाहतो, नावं सुचवा.

हरिसाल_मुक्काम

मी वाहक आहे, परतवाडा-धारणी मुक्कामी गाडी. रात्री गाडी लावली की ड्रायव्हर भाऊ झोपतात, मला झोप येत नाही. मेळघाटात थंडी अशी की पुस्तक धरलेला हात चादरीत घ्यावा लागतो आणि पान उलटायला बाहेर काढावा लागतो.

बीएस्सी_नापास, तुला कर्ज-कापूस नको ना? मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घे. १९३९ ची. बेडेकर अमरावतीत जन्मले, पण कादंबरीत अमरावती नाही, वावर नाही, काहीच नाही. युरोपातून निघालेली बोट, तीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यात हॅर्टा. आपला चक्रधर नावाचा मराठी माणूस तिच्यात गुंतत जातो. एवढंच. किती लहान पुस्तक! पण मी धारणीला सुरू केलं आणि सकाळी पहिली घंटी द्यायच्या वेळी डोळे लाल. एका म्हाताऱ्या कोरकू बाबांनी विचारलं, "कंडक्टर, घरी सगळं ठीक ना?" आता काय सांगू त्यांना.

अवांतर: आमच्या परतवाड्याचे अरुण साधूही. तिथून मुंबईला गेले आणि 'सिंहासन' लिहिली. परतवाड्याची माणसं दूर जाऊनच लिहितात असं दिसते. मी धारणीपर्यंतच जातो.

बीएस्सी_नापास

'रणांगण' वाचली. काका, हे काय देल्लं मले? तीन दिवस झाले, टपरीवर बसलो तरी बोलू वाटत नाई. याच्यापेक्षा कर्ज बरं होतं.

नागपूरले_शिकायले

एक माझ्याकडून. नंदा खऱ्यांची 'अंताजीची बखर'. पेशवाईतल्या एका लबाड, पळपुट्या हेराची गोष्ट, तोच सांगतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करायच्या ना, ती स्वारी यात आहे, आणि ती शौर्यगाथा नाही. बंगालात आजही अंगाईत म्हणतात की बाळ निजला, वस्ती शांत झाली आणि बर्गी आले. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. होस्टेलात माझी रूममेट बंगाली आहे, तिनं ती अंगाई म्हणून दाखवली आणि मग दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. भोसल्यांच्या राज्यातली मी, काय बोलणार. त्यांच्याच 'उद्या'ला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता, तो त्यांनी नाकारला. 'उद्या' मला झेपली नाही, परीक्षा झाल्यावर परत बघेन.

सिस्टर_भामरागड

उपकेंद्रात रेंज आली की लिहिते, म्हणून थोडक्यात. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. लेखक हेमलकशाला राहून काम केलेले, त्यामुळे माडिया माणूस त्यांना पाहुण्यासारखा दिसत नाही. एक साधा पोरगा दोन्हीकडून कसा दाबला जातो ते पायरी पायरीनं येतं. मी बदलीवर आले तेव्हा कोणीतरी हातात दिली होती. सुरुवातीला वाटलं, घाबरवायला दिली. उलट झालं. आता लसीकरणाला गावात गेले की मी आधी बसते, मग बोलते. रेंज गेल

सूनबाई_आर्णीकडची

सिस्टर, जपून राहा. मास्तर, तुम्ही म्हणालात म्हणून वहीत चार पानं लिहिली. अलकाच्या नावानं सुरू केली होती, तिसऱ्या पानावर माझंच नाव आलं. बघू.

दादा, 'धग'चं काय झालं?

निवृत्त_मास्तर_वाशिम

ओळी मिळाल्या, जागाही सापडली. माझी प्रत निघाली. वाशिमहून अकोल्यापर्यंत माझा भाचा नेतो आहे. पुढे काय?

हरिसाल_मुक्काम

अकोल्याहून दर्यापूर मी बघतो. तिकडच्या गाडीवरचे वाहक माझे बॅचवाले. पुस्तक त्यांच्या पेटीत राहील, भिजणार नाही. दर्यापूर स्टँडवर सकाळच्या गाडीला उभे राहा, 'धग' असं म्हटलं की देतील.

खारपाणवाला

मिळालं! सगळ्यांचे आभार. पण मधे एक घडलं ते सांगायचं राहिलं.

पुस्तक येईपर्यंत मायनं दम धरला नाही. परवा वाती वळता वळता म्हणाली, "नाई येत तुहं पुस्तक. मीच सांगतो." आणि सांगायलाच लागली. कौतिक कोणाच्या वावरात निंदायला गेली, बांधावर कोणती बाई काय बोलली, ज्वारीच्या कण्या कशा शिजवल्या, पोराला ताप आला तेव्हा कोणतं पान उगाळून पाजलं. मी आधी ऐकत होतो, मग वही घेतली. कण्यांत मीठ कमी पडलं हेसुद्धा सांगितलं. महादेव तिच्या सोळा पानांत एकदाच येतो, आणि ताट पुढं ओढून जेवतो. बोलत नाही. मी विचारलं, हा काहीच म्हणत नाही का? "काय म्हनन? जेवू दे त्याले."

आता हे कौतिकचं होतं की माझ्या आजीचं की तिचं स्वतःचं, मी विचारलं नाही. आमच्या घरात मागं असा ताप येऊन गेलेला आहे, एवढं मला माहीत आहे.

काल मास्तरांच्या प्रतीतून खरी सोळा पानं वाचली. ती वात न वळता ऐकत होती. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "चांगलंच हाये. पन माहं बरं होतं." आणि पुढं वाच म्हणाली. पुढं तीस पानं झाली, थांबू देत नव्हती.

मास्तर, प्रत गुरुवारच्या गाडीनं परत धाडतो. कव्हर घातलं आहे, पाकोळी एकही दाबली नाही.

निवृत्त_मास्तर_वाशिम

घाई नाही. वहीतली ती पानं मात्र जपून ठेवा. आणि वाचनालयाची सदोष प्रत रजिस्टरातून बाद करायला ठराव घ्यावा लागेल, विसरू नका.

खारपाणवाला

बाद करत नाही. मायचं लिहिलेलं मी चांगल्या अक्षरात फुलस्केपवर उतरवून घेतलं, कापून बरोबर सोळा पानं केली आणि ९६ च्या पुढं खळीनं चिकटवली. ९७ ते ११२ आकडेही घातले. वाळायला वर पाटा ठेवला आहे.

बीएस्सी_नापास

काका, तपासनीला साहेब आले म्हंजे?

खारपाणवाला

ते मार्चात येतात. अन् ते रजिस्टर पाहतात, पुस्तक उघडत नाहीत.